व्याख्यान गावाचं, पत्ता वाघोलीचा

‘गाव सोडू नका’ असं कळकळीनं सांगणारी आमच्या वऱ्हाडातली बहुतेक माणसं पुण्यात राहतात. काही मुंबईत असतात. एक-दोघं अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर सांगतात. जी माणसं खरोखर गावात राहिली आहेत, ती असलं काही बोलत नाहीत. ती पोराच्या पाठीत धपाटा घालून म्हणतात, “पोट्ट्या, शिक अन् निघ इथून.”

मी पुण्यातल्यांपैकी. बारावी झाल्यावर जो निघालो तो वाघोलीत थांबलो. वाघोलीच का, असं पुण्यातले लोक विचारतात. त्याला काही कारण नाही. अमरावतीकडून येणाऱ्या ट्रॅव्हल्स नगर रस्त्यानं पुण्यात शिरतात आणि पहाटे पहिल्यांदा माणसं उतरवतात ती वाघोलीत. आमच्याकडची इतकी माणसं वाघोली-खराडीत का राहतात, यावर माझा सिद्धांत असा आहे की अर्धवट झोपेत जिथं उतरलो तिथंच आम्ही फ्लॅट घेतला.

पुण्यात मी ‘नागपूरचा’. अमरावती हा वेगळा जिल्हा आहे, त्यात वरुड नावाचा तालुका आहे, त्याला लोक संत्र्यांमुळे ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात, हे सगळं मी सोसायटीत सांगून पाहिलं आहे. शेजारचे काका शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, “हो, पण नागपूरलाच ना ते?” गावात मी ‘पुन्याचा’. इकडे येताना संत्र्यांची पेटी आणि तिकडे जाताना बाकरवडीचे पुडे, एवढ्यावर दोन्हीकडची माझी इज्जत टिकून आहे.

गावावरचं आमचं प्रेम मोजायचं असेल तर दिवाळीत ट्रॅव्हल्सचं तिकीट काढून बघावं. खासगी बसनं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये, असा सरकारचा २०१८ सालचा नियम आहे. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री हा नियम मी एका एजंटाला म्हणून दाखवला. त्यानं पूर्ण ऐकून घेतला आणि विचारलं, “मग सीट देऊ का कोणाले दुसऱ्याले?” गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस बडनेऱ्याला थांबते, पण तिचं दिवाळीचं आरक्षण आपण उठून तोंड धुवेपर्यंत संपलेलं असतं.

तर अशा प्रेमळ माणसाला जानेवारीच्या सुरुवातीला शाळेच्या स्नेहसंमेलनाचं प्रमुख पाहुणेपद आलं. मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, “विषय तुमच्या आवडीचा घ्या. फक्त मुलांना प्रेरणा मिळाली पाहिजे.” मी क्षणाचा विलंब न लावता विषय सांगितला: ‘गावातच भविष्य’. पलीकडे थोडी शांतता पसरली. मग ते म्हणाले, “बरं. निघायचं तिकीट काढलंय ना? आपल्याकडून परतीची सोय नाही होत.”

तयारी मी कंपनीच्या वेळात केली. पंजाबराव देशमुख घेतले: १८९८ सालचा पापळचा जन्म, ऑक्सफर्डला वेदांतल्या धर्मावर प्रबंध, अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था, मग १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री. गाडगेबाबा घेतले. तुकडोजी महाराज आणि त्यांची ग्रामगीता तर घ्यायलाच हवी होती, मोझरी आमच्या जिल्ह्यातली. शिवाय संत्रं. एवढ्या सामग्रीवर दगडालाही गाव आवडलं असतं.

उतरलो मावसभावाकडे. आम्ही दोघं एकाच वर्षी बारावी झालो. मला मार्क जास्त पडले म्हणून मी गेलो आणि त्याला कमी पडले म्हणून तो राहिला, असं घरात सांगतात. आज त्याच्याकडे संत्र्याची बाग, ट्रॅक्टर आणि कर्ज आहे. माझ्याकडे फ्लॅट, गाडी आणि कर्ज आहे. माझं लग्न झालेलं आहे, हा मोठा फरक.

त्याच्या लग्नाचं प्रकरण तुम्हाला माहीत असेलच, कारण ते आमच्या भागातल्या प्रत्येक घरात आहे. मुलीकडच्यांना जावई पुण्याचा हवा, नोकरीवाला हवा. त्याच्या गावी बागायती शेतीही हवी, पण ती करणारा तो नको. शेती असावी आणि शेतकरी नसावा, असलं स्थळ फक्त सातबाऱ्यावर सापडतं. मावसभाऊ तेहतीस ओलांडून गेला. मावशी आता पाहुण्याला चहा देण्याआधीच विचारते, “कोनी पोरगी हाये का पाहण्यात?”

सकाळी उठून मी बागेत गेलो. एकटाच, कारण भाषणाआधी मातीचा स्पर्श घ्यावा असं माझ्या मनात आलं होतं. बाग पाहून काळजात चर्र झालं. झाडं मलूल पडली होती, पानं पिवळी होऊन गळत होती, जमिनीला भेगा होत्या. माझ्या भावाची बाग वाळते आहे आणि तो बिचारा अभिमानानं मला सांगत नाही, हे माझ्या तीक्ष्ण नजरेनं ताडलं. बोअर शेजारीच होता. आमच्याकडे पाणी हजार फुटांच्या खाली गेलंय असं लोक सांगतात, पण मोटर होती, पेटी होती. मी स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. काही झालं नाही. शेतीच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रीची वीज होती. पेटीत एक छोटा खटका होता, खाली ‘ऑटो’ लिहिलेलं होतं. तो वर केला. तरी काही झालं नाही. मग झाडांना मनातल्या मनात धीर देऊन नाश्त्याला परत आलो.

इथं संत्र्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. हे मी त्याच दिवशी रात्री शिकलो, शंभरेक लोकांच्या देखत. संत्र्याचं झाड पाणी मिळत राहिलं की पानं काढत बसतं. त्याला फुलं आणायची तर पाणी तोडावं लागतं. याला ताण देणं म्हणतात. आंबिया बहार धरायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत बाग मुद्दाम उपाशी ठेवतात, पानं मलूल होऊ देतात, काही गळूही देतात आणि मग नेमक्या वेळी पाणी सोडतात. मग झाड फुलांनी भरून जातं. हा वर्षाचा सगळा जुगार आहे. ताण अर्ध्यावर तुटला की झाडाला वाटतं पावसाळा आला, आणि ते खुशाल पालवी काढतं.

स्नेहसंमेलन सहाला सुरू होणार होतं म्हणून आठला झालं. शिक्षकांचा सत्कार, सरपंचांचा सत्कार, पेंडॉलवाल्याचा सत्कार, मग नाच. मी शालीत घाम पुसत वाट पाहत होतो. माझी पाळी दहाला दहा मिनिटं असताना आली.

पंजाबरावांपासून सुरुवात केली. इंग्लंडला जाऊन एवढा मोठा विद्वान झालेला माणूस आपल्या मातीत परतला, असं मी आवाज चढवून सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतली एक मुलगी, नववीची असावी, हात वर करून उभी राहिली. आमच्या काळी अशी पद्धत नव्हती.

“सर, म्हणजे पहिले जायाच लागते ना?”

मी म्हणालो, मुद्दा परत येण्याचा आहे. आणि गाडगेबाबांकडे वळलो. ती अजून उभीच होती. “सर, गाडगेबाबा तं घर सोडूनच गेलते ना? आमाले धडा हाये.” गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडलं हे मलाही माहीत होतं, फक्त ते या दिशेनं कधी पाहिलं नव्हतं. तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वशांती परिषदेसाठी जपानला जाऊन आले होते. ते मी वगळायचं ठरवलं आणि घाईनं संत्र्याकडे आलो.

संत्रं तरी इथलंच, असं म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं की तेही इथलं नाही. भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकात, ते औरंगाबादकडून नागपुरात आलं असं सांगतात. त्यात कलम बांधतात जंबेरीच्या खुंटावर. शिवाय आमच्या तालुक्यातल्या शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांतली रोपं गाड्या भरभरून बाहेर जातात, आणि राजस्थानात झालावाडला नागपुरी संत्र्याच्या बागा उभ्या राहिल्यात. म्हणजे फळसुद्धा बाहेरून आलेलं आणि रोपं बाहेर निघालेली. माझ्या कागदावर गावात राहिलेलं असं कोणीच उरलं नाही.

मागून एक म्हातारे शेतकरी उठले. “साहेब, बांगलादेशनं संत्र्यावरची ड्युटी वाढवली, त्याचं काय करता?” प्रश्न अगदी रास्त होता. बांगलादेश हे आमच्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक, तिकडचा आयात कर चढला की इकडे बागेतला सौदा बसतो. सगळा पेंडॉल माझ्याकडे बघू लागला. मी सॉफ्टवेअर तपासतो. त्यातही दुसऱ्यानं केलेलं. तरी मी म्हणालो, “त्यासाठीच प्रक्रिया उद्योग यायला हवेत.” हे वाक्य मी याच शाळेच्या याच मंचावरून पाचवीत असताना एका आमदारांकडून ऐकलं होतं. म्हातारे म्हणाले, “हो, ते तं येऊनच रायले,” आणि बसले.

तेव्हा मी सकाळी मावसभावाच्या तोंडून निसटता ऐकलेला एक शब्द बाहेर काढला. नाश्त्याला तो कोणाला तरी फोनवर ‘ताण चालू हाये’ म्हणाला होता आणि मला तो त्याच्या मानसिक अवस्थेबद्दल बोलतोय असं वाटलं होतं. मी गहिवरून म्हणालो, “मित्रांनो, आपल्या शेतकऱ्याला ताण आहे. आज सकाळी मी माझ्या भावाच्या बागेत गेलो. झाडं सुकली होती. मला राहवलं नाही. मी मोटर…”

दहा वाजले असावेत. मावसभाऊ तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याचा फोन वाजला. पेंडॉलमध्ये अशी शांतता होती की पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. “अबे, तुह्या वावरातली मोटर चालू झाली ना बे! ताण तोडला का?”

मावसभावानं फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग तो पळाला. त्याच्यामागून आणखी दहा-बाराजण पळाले. बाकीचे शंभरेक जण जागेवर बसून माझ्याकडे बघत राहिले. गावातला प्रत्येक माणूस, नववीतल्या त्या मुलीसकट, मी काय केलंय हे ओळखून होता. ओळखत नव्हतो तो फक्त मी. मुख्याध्यापकांनी हळूच माईक काढून घेतला आणि रेकॉर्ड डान्स लावला.

नुकसान सगळ्या बागेचं झालं नाही. वरचा एक व्हॉल्व उघडा होता, तेवढीच झाडं भिजली. मावसभाऊ मध्यरात्री परत आला तेव्हा चिखलानं माखला होता. मी अंगणात शालीसकट उभा होतो. तो काही बोलला नाही. हातपाय धुतले, जेवला, सुपारी कातरली आणि मग शांतपणे म्हणाला, “आता तुले एक काम करा लागन.”

काम सोपं होतं. त्याच्या बायोडाटावर माझ्या फ्लॅटचा पत्ता टाकायचा. ‘सध्या वास्तव्य: वाघोली, पुणे. व्यवसाय: फळविक्री (ऑनलाइन). गावी बागायती शेती.’ काही तासांपूर्वी मंचावरून गाव न सोडण्याचा उपदेश केलेल्या मी ते टाइप करून दिलं, शुद्धलेखन तपासलं आणि ‘स्वतःचं घर’ अशी एक ओळ माझ्याकडून वाढवली. मावशीनं समाजाच्या वधू-वर ग्रुपवर ते सकाळीच टाकलं. माझी ट्रॅव्हल्स नगर ओलांडेपर्यंत सात स्थळं आली होती.

फेब्रुवारीत एका रविवारी बेल वाजली. दारात साठीचे एक गृहस्थ, हातात पेढ्यांचा पुडा. मुलगी खराडीला कंपनीत होती, हे तिचे मामा. मूळचे दर्यापूरकडचे, पण नोकरीनिमित्त चिंचवडला आले ते तिथलेच झाले. “जवळच आलो होतो, म्हटलं मुलाला भेटून जावं.” चिंचवडहून वाघोली कोणत्याही व्याख्येनं जवळ नाही. पण पाहुणा तो पाहुणा.

बायकोला मी बायोडाटाबद्दल सांगितलं नव्हतं. ती पाणी घेऊन आली तेव्हा मामा विचारत होते, “त्यांची खोली कुठली?” मी व्यायामाच्या सायकलीवाल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथं सायकल, इस्त्रीचे कपडे आणि गेल्या दिवाळीचा आकाशकंदील होता. मामांनी ती खोली बारकाईनं पाहिली. “झोपतात कुठे?” मी म्हणालो, “त्याला साधं राहायला आवडतं.”

“आत्ता कुठे आहेत?”

“गावी गेलाय. फवारणीला.”

“फळविक्री ऑनलाइन आणि फवारणी?”

“तीही आता बरीचशी ऑनलाइन होते,” मी म्हणालो. स्वयंपाकघरात काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

चहावर मात्र सूर जुळले. मामा म्हणाले, पुण्यात काय ठेवलंय, वाहतूक बघा, पाणी बघा. मी म्हणालो, खरं आहे, रोडगे आणि वांग्याची भाजी खावी तर तिकडेच. ते म्हणाले, गाव सोडायला नको होतं. मी म्हणालो, मी तर यावर व्याख्यान देतो. दोघांचेही डोळे जरा पाणावले. मग मामांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “एक मात्र स्पष्ट विचारतो. मुलगा परत गावी जाणार नाही ना? कधीच? तेवढी खात्री पाहिजे.”

“छे,” मी म्हणालो. “प्रश्नच नाही.”

“एकदा व्हिडिओ कॉल लावा त्यांना.”

मी लावला. मावसभावानं उचलला तो बागेच्या मधोमध उभं राहून. डोक्याला टॉवेल, मागे झाडं पांढऱ्या फुलांनी लगडलेली. मी चटकन म्हणालो, “व्हर्च्युअल बॅकग्राउंड आहे. हल्ली कंपन्यांत सगळे लावतात.” तेवढ्यात बॅकग्राउंडमधून एक बैल गेला.

मामांनी माझ्या हातातून फोन घेतला. चष्मा वर केला. चिंचवडचं मराठी त्यांच्या तोंडून कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नसावं. “आंबिया फुटला बावा झकास. पानी कवा सोडलं?”

त्यानंतर माझ्या घरात माझा काही संबंध उरला नाही. बोअर किती फूट, जंबेरी कुठली, डिंक्यावर बोर्डो लावता की दुसरं काही, गेल्या साली फळगळ किती झाली. मावसभाऊ व्यवसाय, वास्तव्य सगळं विसरून झाडाझाडापाशी फोन नेऊन दाखवत होता. दर्यापूरकडे संत्रं फारसं नाही, खारपाणपट्टा आहे. पण मामांच्या बहिणीची मोर्शीला बाग होती म्हणे. अर्ध्या तासानं मामा थबकले. “अन् हे वरचे झाडं काऊन नाई फुटले? नुसते हिरवेगार दिसून रायले.”

“ते पुन्याच्या पाहुन्यानं ताण तोडला,” मावसभाऊ म्हणाला. “गावात लोक त्याईले ‘पुन्याचे झाडं’ म्हनते.”

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बरंच पाहिलं. मग फोन ठेवून म्हणाले, “मुलगा वाघोलीत राहत नाही हे मला बायोडाटा पाहूनच कळलं होतं. या महिन्यात वाघोलीच्या पत्त्याचे असे चार पाहिलेत मी, त्यातला एक तुमच्याच बी विंगमधला. मुलगा चांगला आहे, मुलीला सगळं खरं सांगतो, तिचं ती ठरवेल. फक्त पुढची बोलणी आम्ही परस्पर करू. तुम्ही मध्ये नको.”

बोलणी अमरावतीला झाली. मुलीनं घरूनच काम करायची परवानगी कंपनीकडे मागितली आहे आणि गावात इंटरनेट कसं चालतं ते बघायला ती स्वतः जाऊन आली, एवढं मावशीकडून कळलं. मला फोटोसुद्धा पाठवला नाही. वाघोलीचा पत्ता असलेला तो बायोडाटा मात्र ग्रुपवरून कोणी काढला नाही. अजून अधूनमधून कोणाचे मामा, कोणाचे काका येतात. बायको आता त्यांना काही न विचारता सायकलीवाली खोली दाखवते आणि चहा टाकते.

जूनमध्ये पुन्हा एका रविवारी बेल वाजली. बायकोनं दार उघडून सवयीनं त्या खोलीकडे बोट केलं. आलेला मुलगा अठरा-एकोणीसचा होता, पाठीवर सॅक, हातात तूरडाळीची पिशवी. तो आत गेला, खिडकी उघडून पाहिली, सायकल बाजूला सरकवून भिंतीची लांबी पावलांनी मोजली. मग बाहेर येऊन माझ्या पाया पडला.

“सर, तुमचं भाषण होतं ना गॅदरिंगले, मी मागच्या रांगेत होतो,” तो म्हणाला. “दोघांत भाडं किती पडन?”